घरचा कॉम्प्युटर संथ झालाय? पैसे खर्च करण्याआधी हे तपासा

२०१५ ते २०१९ च्या सुमारास घरोघरी आलेल्या पुष्कळ लॅपटॉपची ठेवण एकसारखी होती: ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क आणि विंडोज १०. आज तेच लॅपटॉप सुरू व्हायला पाच-सात मिनिटं घेतात, एक्सेलची साधी फाइल उघडताना अडखळतात, आणि मग घरात नव्या लॅपटॉपचा विषय निघतो. माझं स्पष्ट मत आहे की त्यातले बरेच लॅपटॉप अजून काही वर्षं चांगलं काम देऊ शकतात. मात्र ते नेमके कशामुळे अडतायत, हे आधी शोधायला हवं. दुकानात नेला की ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर ठरलेलं असतं. फॉरमॅटने महिना-दोन महिने बरं वाटतं, आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

खालच्या पायऱ्या विंडोज १० किंवा ११ असलेल्या कॉम्प्युटरसाठी आहेत. दिलेल्या क्रमानेच करा. फुकटातल्या आधी घेतल्या आहेत, खर्चाच्या नंतर.

पायरी १: शटडाउन नको, रीस्टार्ट करा

रोज रात्री शटडाउन केलं म्हणजे सकाळी कॉम्प्युटर नव्याने सुरू होतो, असं आपण धरून चालतो. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर तसं होत नाही. बंद होताना विंडोज स्वतःच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते. त्यामुळे आत साचलेला गोंधळ दिवसेंदिवस तसाच पुढे येत राहतो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून सुरू होतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम रीस्टार्ट द्या, आणि अपडेट अडकून पडलं असेल तर ते आधी पूर्ण होऊ द्या.

पायरी २: टास्क मॅनेजर वाचा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि नेमकी हीच वगळली जाते. कॉम्प्युटर रखडलेला असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. छोटीच खिडकी उघडली तर खालचं ‘मोअर डिटेल्स’ दाबा. वरच्या बाजूला सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे रकाने दिसतील, प्रत्येकावर टक्केवारी. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सर्वांत जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो.

४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर सहसा काय दिसतं ते सांगतो. सीपीयू पंधरा-वीस टक्के, म्हणजे प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला. मेमरी, म्हणजेच रॅम, नव्वदीच्या आसपास. आणि डिस्क सलग १०० टक्के. हे आकडे एकत्र वाचायचे असतात. रॅम भरली की विंडोज त्यातला काही भाग डिस्कवरच्या ‘पेज फाइल’मध्ये हलवते आणि लागेल तेव्हा परत आणते. डिस्क आधीच मंद, त्यात हा जादा बोजा. तुम्ही क्रोमची टॅब बदलता, आणि लॅपटॉप काही सेकंद थिजतो, तो या ने-आणीत. अशा वेळी प्रोसेसरला दोष देण्यात अर्थ नसतो.

डिस्कच्या रकान्यात ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल’ किंवा विंडोज अपडेटशी संबंधित नाव वर असेल, तर ती तात्पुरती कामं आहेत. अर्धा-पाऊण तास कॉम्प्युटर चालू ठेवून सोडून द्या, ती संपतात. याउलट सीपीयू तासन्‌तास भरलेला आहे आणि वरचं नाव अनोळखी आहे, तर ‘विंडोज सिक्युरिटी’मधून ‘फुल स्कॅन’ चालवा. तरी शंका राहिली तर ‘ऑफलाइन स्कॅन’ करा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे दडून बसलेला व्हायरसही सापडण्याची शक्यता वाढते.

आता शेजारच्या ‘परफॉर्मन्स’ भागात जा. तिथून चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या, पुढे दुकानात त्याच लागतील: डिस्कच्या नावाखाली ‘एचडीडी’ लिहिलंय की ‘एसएसडी’, एकूण रॅम किती, ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर काय आकडा आहे, आणि प्रोसेसरचं नाव. सीपीयूच्या पानावर ‘अप टाइम’ दिसतो, तोही बघा. रोज शटडाउन करूनही तिथे दहा-पंधरा दिवस दिसले तर पहिल्या पायरीचं कारण समजेल.

पायरी ३: आपोआप सुरू होणाऱ्यांना आवरा

टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ किंवा ‘स्टार्टअप अॅप्स’ आहे. कॉम्प्युटर सुरू होताच न विचारता जागे होणारे प्रोग्रॅम इथे दिसतात. पुढे ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ असा त्यांचा भारही लिहिलेला असतो. मीटिंगची अॅप्स, गेमचे लाँचर, संगीताची अॅप्स, प्रिंटरसोबत आलेली मदतनीस अॅप्स यांवर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. प्रोग्रॅम काढला जात नाही, उघडल्यावर नेहमीसारखाच चालतो. टचपॅड, आवाज, ग्राफिक्स आणि सुरक्षेशी संबंधित नावांना हात लावू नका. वनड्राइव्हवर फोटो किंवा कागदपत्रं जात असतील तर तेही राहू द्या.

पायरी ४: सी ड्राइव्हला जागा करून द्या

सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर वेग कितीही वाढवायचा म्हटलं तरी वाढणार नाही, कारण अपडेटला आणि पेज फाइललाही जागा लागते. निदान पंधरा-वीस टक्के मोकळी ठेवा. ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टम’, मग ‘स्टोरेज’ आणि त्यात ‘टेम्पररी फाइल्स’. मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’च्या नावाखाली बरेच जीबी अडकलेले असतात.

इथे एक सावधगिरी. याच यादीत ‘डाउनलोड्स’ असंही एक नाव असतं. त्यावर टिक राहिली तर अख्खा डाउनलोड्स फोल्डर पुसला जातो. मुलांचे प्रवेश अर्ज, सातबाऱ्याचे उतारे, विम्याच्या पावत्या, सगळं आपण तिथेच ठेवलेलं असतं. ‘रिमूव्ह’ दाबण्याआधी ती टिक नाही ना, हे डोळ्यांनी बघा.

पायरी ५: ब्राउझर

आजकाल कॉम्प्युटर संथ म्हणजे बरेचदा ब्राउझर जड. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कोणती टॅब किती मेमरी खाते ते कळतं. सेटिंग्जमधला ‘मेमरी सेव्हर’ चालू करा, एजमध्ये त्यालाच ‘स्लीपिंग टॅब्ज’ म्हणतात. न वापरली जाणारी एक्स्टेंशन काढा. कोपऱ्यात सारखी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ अशी पाटी येत असेल, तर बहुधा कुठल्याशा वेबसाइटला चुकून ‘अलाउ’ केलेलं असतं. ‘साइट सेटिंग्ज’मधल्या ‘नोटिफिकेशन्स’मधून तिला हाकला.

पायरी ६: फुकटचे ‘क्लीनर’ काढून टाका

‘एका क्लिकमध्ये कॉम्प्युटर सुसाट’ असं सांगणारे क्लीनर आणि बूस्टर मी कुणाच्याच कॉम्प्युटरवर ठेवू देत नाही. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, साफ करून वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही, चुकीची नोंद उडाली तर मात्र चालू प्रोग्रॅम बंद पडतात. दोन-दोन अँटिव्हायरसही नकोत, प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते. घरगुती वापराला विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे.

आणि एक कळकळीची गोष्ट, विशेषतः घरात एकटे असणाऱ्या ज्येष्ठांसाठी. ‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमचा कॉम्प्युटर स्लो झालाय’ असा फोन मायक्रोसॉफ्ट आपणहून कधीच करत नाही. समोरच्याने स्क्रीन शेअर करायचं अॅप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

पायरी ७: हार्ड डिस्क बदलून एसएसडी

कागदावर ‘एचडीडी’ लिहिलेलं असेल, तर खरा फरक इथे पडतो. हार्ड डिस्कमध्ये ग्रामोफोनच्या तबकडीसारखी फिरणारी चकती असते आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारा दांडा. लॅपटॉपमधली चकती सहसा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. दांडा योग्य जागी पोचेपर्यंत आणि हवा तो तुकडा त्याच्याखाली येईपर्यंत थांबावंच लागतं. सलग एक सिनेमा वाचायचा असेल तर हे चालून जातं. पण विंडोज सुरू होताना हजारो लहान-लहान फायली चकतीवरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा कराव्या लागतात, आणि प्रत्येकीसाठी हे थांबणं आलं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तेवढीच फाइल मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात हाती येते. फॉरमॅट मारूनही लॅपटॉप पुन्हा मंदावतो याचं एक कारण हेच: विंडोज नवी, पण चकती तीच.

जुन्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची साटा एसएसडी हार्ड डिस्कच्याच जागी बसते. काही मॉडेलमध्ये पट्टीसारख्या एसएसडीसाठी एम.२ ची खाचही असते, पण ती साटाची की एनव्हीएमईची (डिस्क जोडायच्या या दोन वेगळ्या पद्धती) याची मॉडेल नंबरवरून खात्री करूनच घ्या. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. साध्या घरकामाला २५६ जीबी पुरते, फोटो खूप असतील तर ५०० च्या आसपासची घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चार दुकानं फिरून भाव काढता येतो. लहान गावात ऑनलाइन मागवून ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून बसवून घेतलेली बरी. बिल आणि वॉरंटी मात्र सोडू नका.

हात लावण्याआधी बॅकअप. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो, ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड बाहेरच्या डिस्कवर घ्या. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायली असतील तर ते फॉन्टही सांभाळा, नाहीतर मजकुराच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतील. ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांबलचक आकडा, लिहून ठेवा. जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बॅकअपच घ्या. ती कधीही बंद पडू शकते.

दुकानदार विचारेल, क्लोन करू (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) की नवी विंडोज टाकू? मी नव्या विंडोजच्या बाजूने आहे. क्लोनमध्ये जुना पसाराही जसाच्या तसा येतो. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं ‘मीडिया क्रिएशन टूल’ एवढ्यावर काम होतं. मूळ विंडोज अधिकृत असेल आणि तीच आवृत्ती टाकली असेल, तर त्याच लॅपटॉपवर इंटरनेट जोडताच ती सहसा आपोआप अॅक्टिव्हेट होते. म्हणून ‘क्रॅक’ टाकू देऊ नका. लॅपटॉप ताब्यात घेताना ‘सेटिंग्ज’मधलं ‘अॅक्टिव्हेशन’चं पान दुकानातच उघडून बघा. जुनी डिस्क मागून घ्या, तीत तुमचा डेटा आहे. एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीने जोडायच्या डबीत, घातली की बॅकअपसाठी उपयोगी पडते.

एसएसडी बसवल्यावर डीफ्रॅगच्या (डिस्कवर विखुरलेले तुकडे सलग लावण्याच्या) फंदात पडू नका. तिची देखभाल विंडोज स्वतःच करते.

पायरी ८: रॅम

‘स्लॉट्स यूज्ड’समोर ‘१ ऑफ २’ असेल तर तुमचं नशीब चांगलं. ४ जीबीची आणखी एक पट्टी घालून ८ जीबी करा, रोजच्या कामाला तेवढी पुष्कळ. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत, म्हणून आधी मॉडेल तपासा. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच चिकटवलेली असते, तिथे वाढ नाही. आणि विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम तिला वापरताच येत नाही. आधी ६४ बिटची टाका.

पायरी ९: धूळ आणि नजरेची करामत

पंखा घरघरतोय, तळ भाजतोय आणि अर्ध्या तासाने वेग पडतोय, अशी लक्षणं दिसली तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतोय. पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करू नका, खालची हवा कोंडते.

स्टार्टमध्ये ‘अॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ शोधलं की खिडक्यांच्या हालचाली, सावल्या वगैरे बंद करता येतात. फरक थोडाच, पण जुन्या मशीनवर जाणवतो. ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ची टिक मात्र ठेवा. ती काढली तर देवनागरीची जोडाक्षरं खरबरीत दिसतात आणि वाचताना डोळे शिणतात.

पायरी १०: विंडोज १० चं पुढे काय

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ‘विंडोज अपडेट’च्या पानावरून वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (कॉम्प्युटरमधली सुरक्षेची सोय) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपवर ती आडमार्गाने बसवून देणारे भेटतात, पण पुढची अपडेट मिळतील याची हमी कुणी देत नाही. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे हा धोका पत्करू नये.

त्यापेक्षा विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली बघा. फुकट आहे, जुन्या मशीनसाठी त्याची एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते, आणि एमएस ऑफिससारखं लिबरऑफिस त्यातच मिळतं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. टॅली, एमएस ऑफिस किंवा डिजिटल सिग्नेचरवर रोजचं काम अवलंबून असेल तर मात्र आधी नीट विचार करा. पेन ड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, ‘लाइव्ह’ चालवून बघता येतं. तसं चालवून वायफाय जोडा, एक कागद प्रिंट करा, मराठीत चार ओळी टाइप करा, व्हिडिओ कॉलला आवाज आणि कॅमेरा चालतो का ते तपासा. हे सगळं जमलं तरच डिस्कवर बसवा.