मंडळीतील कृपादाने कशी ओळखावीत आणि एकी कशी राखावी

प्रेषित पौलाने ग्रीसमधील करिंथच्या मंडळीला पहिले पत्र लिहिले ते इ. स. ५५ च्या सुमारास, इफिसहून. करिंथ शहरात तो स्वतः दीड वर्ष राहिला होता आणि तिथल्या माणसांना तो नावानिशी ओळखत होता. या मंडळीत कोणत्याही कृपादानाची, म्हणजे पवित्र आत्म्याने सेवेसाठी दिलेल्या देणगीची, उणीव नाही, असे तो आरंभीच लिहितो. आणि त्याच अध्यायात ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांकडून कानांवर आलेले तंटेही मांडतो. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोसाचा, तर कोणी केफाचा, म्हणजे पेत्राचा. दाने भरपूर असूनही एकी नसणे ही अवस्था आजच्या मंडळ्यांनाही अपरिचित नाही. म्हणून पाळकांनी आणि वडीलजनांनी या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करू नये. दान कोणाला मिळाले यापेक्षा त्यामुळे कोणाची उन्नती झाली हे आधी विचारले, तर दाने ओळखणे आणि एकी राखणे ही दोन्ही कामे एकाच वाटेने होतात.

आरंभ वचनांपासून करावा. करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय, रोमकरांस पत्राचा बारावा, इफिसकरांस पत्राचा चौथा आणि पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय अभ्यासवर्गात सलग वाचावेत. या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. करिंथकरांच्या यादीत रोग बरे करणे आणि अन्य भाषा बोलणे (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणे) येते; रोमकरांच्या यादीत दान देणे, पुढारीपण करणे आणि दया करणे येते. यांपैकी कोणतीही यादी पूर्ण नाही, हे मंडळीच्या ध्यानात आले म्हणजे आपले काम यादीत नाही म्हणून खंतावणारी माणसे मोकळी होतात. प्रश्नावली भरून आपले दान शोधण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे. बोलण्याला सुरुवात करून देण्यापुरती ती उपयोगी आहे, परंतु तिच्या गुणांवरून कोणाला जबाबदारी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दान बहुधा आधी इतरांच्या लक्षात येते. कुप्र येथील योसेफ नावाच्या लेव्याला बर्णबा, म्हणजे धीर देणारा, हे नाव प्रेषितांनी दिले. शौलाला, म्हणजे पौलाला, यरुशलेमेत कोणी जवळ करीत नव्हते, तेव्हा त्याच्या बाजूने उभा राहिला तो हाच बर्णबा, आणि पुढे तार्सास जाऊन त्याला अंत्युखियास घेऊन आला तोही हाच. एकाच्या धीर देण्याने दुसऱ्याचे दान मंडळीला लाभले. यासाठी गृहसभेत प्रत्येकाने स्वतःविषयी न बोलता शेजारी बसलेल्या व्यक्तीविषयी बोलावे: गेल्या काही महिन्यांत हिच्यामुळे किंवा याच्यामुळे मला कोणते बळ मिळाले? उत्तरात प्रसंग सांगावा, नुसती स्तुती करू नये. त्यानंतर त्या व्यक्तीला त्याच प्रकारचे लहानसे काम काही काळ द्यावे आणि ज्यांच्यासाठी ते काम केले त्यांनाच त्याचे फळ विचारावे.

असे केले की व्यासपीठावर न दिसणारी दाने पुढे येतात. उपासना संपल्यावर दाराशी उभी राहणारी एखादी बाई कोण दोन रविवार आले नाही हे मनात टिपून ठेवते, सोमवारी त्या घरी जाते, आजाऱ्याच्या उशाशी बसून स्तोत्र वाचते आणि औषधाच्या चिठ्ठीवरचे अक्षर लागले नाही तर ती चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानातही जाते. वार्षिक अहवालात तिचे नाव क्वचितच येते. शरीराचे जे अवयव अधिक अशक्त दिसतात तेच अधिक आवश्यक आहेत, असे पौल लिहितो. मंडळीनेही अशा सेवेची नोंद उपदेश आणि गायनाच्या बरोबरीने घेतली पाहिजे.

सर्वांत नाजूक प्रश्न सभेतील शिस्तीचा आहे. अन्य भाषांवरून वाद झाला की मंडळ्या एकतर पूर्ण बंदी घालतात किंवा पूर्ण मोकळीक देतात. पौलाने चौदाव्या अध्यायात दोन्ही टाळले. अन्य भाषा बोलण्यास मना करू नका, असे तो सांगतो. पण दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक बोलावे, एकाने अर्थ सांगावा, आणि अर्थ सांगणारा नसल्यास मंडळीत गप्प राहावे, अशी मर्यादाही घालतो. देवाकडून मिळालेला संदेश देणाऱ्यांनीही दोघातिघांनीच बोलावे आणि इतरांनी पारख करावी. ही पारख आपल्याकडे बहुतेक वेळा राहून जाते. ती करण्यासाठी नियम सभेच्या आरंभीच सांगावा, कोणी बोलू लागल्यावर नव्हे. संदेश शास्त्राशी जुळतो काय, तो ख्रिस्ताला मान देतो काय आणि ऐकणाऱ्याला उभारतो की भयभीत करतो, हे वडीलजनांपैकी दोघांनी तरी पाहावे. कोणाचे आजारपण, विवाह किंवा पैसा यांविषयीचा संदेश सभेत मुळीच जाहीर करू देऊ नये. तो प्रथम पाळकांनी एकांतात ऐकावा.

महाराष्ट्रात याचे एक मोठे उदाहरण आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली आत्मिक जागृती झाली. मुली दीर्घकाळ प्रार्थनेत राहू लागल्या आणि पुढे अन्य भाषांचेही अनुभव आले. पंडिता रमाबाईंनी ते दडपले नाहीत, आणि अन्य भाषा हीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण आहे असेही मानले नाही. प्रार्थना करणाऱ्या मुलींचे गट त्यांनी आसपासच्या गावांत सुवार्ता सांगण्यासाठी पाठवले, म्हणजे जे मिळाले ते दुसऱ्यांच्या उपयोगी लावले.

इतके करूनही तक्रारी येतातच. त्या वेळी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय पाहावा. रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते, अशी ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकुर केली. तेव्हा प्रेषितांनी मंडळीलाच सात जण निवडायला सांगितले, आणि त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. ज्यांचे गाऱ्हाणे होते त्यांच्याच बाजूची माणसे कामावर आली, असे यावरून दिसते. तरुण संघाला उपासनेत वाव नाही अशी तक्रार असेल, तर उपासना ठरवणाऱ्या समितीत तरुणांना घ्यावे. महिला मंडळाला दानाच्या खर्चाविषयी शंका असेल, तर हिशेब तपासणाऱ्यांत त्यांच्यापैकी एक जण असावी.

शेवटची व्यवस्था कामाच्या हस्तांतराची. प्रत्येक सेवकासोबत पहिल्या दिवसापासून एक शिकाऊ जोडीदार नेमावा, वर्षातून एकदा दोघांशी एकत्र बोलावे, आणि पेटी वाजवणाऱ्याने किंवा संडे स्कूल चालवणाऱ्याने थांबायचे ठरवले तर त्याचे किंवा तिचे नाव घेऊन, मंडळीसमोर प्रार्थना करूनच ते काम पुढच्या व्यक्तीकडे सोपवावे.