स्वाइप मशीन बदललं, कटकट मिटली

येवल्यात आमचं पैठणीचं छोटं दुकान आहे. ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक साडी पसंत करायचं, कार्ड द्यायचं आणि मशीनवर नुसतं चक्र फिरत राहायचं. एकदा एका मावशींच्या खात्यातून पैसे गेले, पण पावती निघालीच नाही. चार दिवसांनी पैसे परत आले, पण त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून दिसतो.

कंपनी बदलायच्या आधी मशीन हातात घेऊन दुकानभर फिरलो. दाराशी रेंज फुल्ल, गल्ल्यापाशी जेमतेम एक दांडी! मग दोन सिम आणि वायफाय दोन्ही चालणारं मशीन मागवलं, आठवडाभर गल्ल्यावरच वापरून पाहिलं आणि मगच ठेवलं.

मशीनच्या भाड्यापेक्षा दर कार्ड व्यवहारामागे दुकानदाराच्या पैशातून कापल्या जाणाऱ्या टक्क्यांकडे नीट बघा. रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून शून्य. इतर डेबिट कार्डांवर वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यापुढे ०.९०. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, म्हणून तो दर लेखीच घ्या. मला तोंडी एक सांगितला आणि स्टेटमेंटात दुसराच निघाला. आता तो कागद गल्ल्यातच ठेवतो आणि दर सोमवारी स्टेटमेंटाशी ताडून बघतो.