आल्प्सच्या घाटांत स्वतः गाडी चालवायची तर

युरोप गाडीने करायचा म्हटलं की लोक आधी देश मोजायला लागतात. आठ होतील का, दहा होतील का, जाता जाता लिश्टनश्टाईन शिवून यायचं का. टूरच्या बसला ते जमतं, कारण तिथे ड्रायव्हर दुसरा असतो आणि तुम्ही मागे डुलक्या काढत असता. स्टिअरिंग आपल्या हातात असेल तर माझा हट्ट उलटा आहे: देश कमी घ्या, आणि दिवसाला तीन-चार तासांहून जास्त गाडी चालवू नका. मी सातारची. पसरणी आणि आंबेनळीत गाडी शिकले. मला घाट हे दोन गावांमधलं अंतर वाटत नाही, तीच खरी सहल वाटते. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी एकच मार्ग सांगते: म्युनिक, इन्सब्रुक, डोलोमाइट्स (इटलीतले आल्प्सचे डोंगर), व्हेनिस, त्रिएस्ते, ल्युब्लियाना, ब्लेड, क्रान्यस्का गोरा, ग्रोसग्लोकनर, साल्झबर्ग आणि परत म्युनिक. चार देश, सुमारे 1400 किलोमीटर, दोन आठवडे तरी द्या.

हा गोल मुद्दाम आहे. भाड्याची गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की वेगळं शुल्क लागतं, आणि कधीकधी ते गाडीच्या भाड्याएवढं होतं. शिवाय जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, स्लोव्हेनिया हे चारही देश शेंगेनमध्ये आहेत आणि चौघांचं चलन युरो. म्हणजे एक व्हिसा, एकच पाकीट.

व्हिसा कुठल्या देशाकडे मागायचा, यावर घरोघरी वाद होतात. नियम सोपा आहे: जिथे मुक्काम सर्वांत जास्त, त्या देशाकडे. मुक्काम समसमान असतील तर जिथे आधी उतरणार, त्या देशाकडे. या मार्गावर डोलोमाइट्स आणि व्हेनिसमुळे बहुधा इटलीचं पारडं जड होतं. विमान म्युनिकला उतरतं म्हणून जर्मनीकडे अर्ज करायचा नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, पण उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात. मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून मिळतो, अर्ज सारथी पोर्टलवर करायचा. तो वर्षभर चालतो. पण नुसतं ते पुस्तक पुरत नाही, मूळ लायसन्सही जवळ हवं. दोघं चालवणार असाल तर दोघांचेही काढा आणि दुसऱ्या चालकाचं नाव भाडेकरारात घाला. नाव नसलेल्याने चालवली आणि काही झालं, तर विमा अंगाशी येतो.

गाडी ठरवताना मी चार गोष्टी लेखी विचारून घेते. सीमा ओलांडायची परवानगी आहे का? काही महागड्या गाड्या इटलीत किंवा पूर्वेकडच्या देशांत न्यायला बंदी असते, आणि ते करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ऑटोमॅटिक आहे का? घाटात डाव्या हाताला बसून उजव्या हाताने गिअर टाकायची कसरत पहिल्याच दिवशी कशाला? डिपॉझिट किती अडकणार? ते मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच घेतात. फॉरेक्स कार्ड काउंटरवर बहुधा चालत नाही. आणि काच, टायर, गाडीचा खालचा भाग विम्यात येतो का? बऱ्याचदा येत नाही. राहिली डिकी. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा फोक्सवॅगन गोल्फएवढ्या गाडीत बसत नाहीत. स्टेशन वॅगन घ्या, नाहीतर प्रत्येकी एक मध्यम बॅग. माझ्या नणंदेला हे पटवायला मला विमानाच्या तिकिटांपेक्षा जास्त वेळ लागला.

गाडी हातात आली की लगेच पार्किंगमधून निघू नका. चारही बाजूंचे, चाकांचे, काचेचे फोटो काढा आणि नंबर प्लेटचा एक फोटो वेगळा ठेवा. तो दिवसातून दोनदा लागतो, कारण तिकडे पार्किंगपासून टोलपर्यंत सगळं नंबरावर चालतं. मग त्याच पार्किंगमध्ये दहा मिनिटं फिरा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिकडे डाव्या. त्यामुळे पहिला दिवस कोरड्या हवेत वायपर फिरवण्यातच जातो. रस्त्याची उजवी बाजू तासाभरात अंगवळणी पडते, पण डावीकडे वळताना आणि सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना मन जुन्या बाजूला ओढतं. आमचे हे शेजारी बसून प्रत्येक वळणाला "उजवी, उजवी" म्हणायचे. शेजारच्या माणसाला हे काम जरूर द्या, तेवढीच त्यांनाही सोबत.

आता नियम. आपल्याला सर्वांत नवा वाटतो तो गावाच्या पाटीचा. गावाच्या नावाची पाटी लागली की वेगमर्यादा 50, वेगळा 50 चा आकडा लिहिलेला नसला तरी. त्याच नावावर तिरपी लाल रेघ असलेली पाटी आली की गाव संपलं. दुसरा नियम चौकाचा: पाटी, खूण काही नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून येवो की कुठून. शंकरपाळ्यासारखा उभा पिवळा चौकोन पाटीवर दिसला तर तुमचा रस्ता मोठा, तुम्ही आधी. हायवेवर ऑस्ट्रिया, इटली, स्लोव्हेनियात 130 ची मर्यादा. इटलीत पाऊस लागला की 110. जर्मनीच्या ऑटोबानवर काही पट्ट्यांत मर्यादा नाही, पण 130 ची शिफारस आहे, आणि ती आपल्या भल्याची आहे. डावी लेन फक्त ओव्हरटेकपुरती. मागून येणारा अर्ध्या मिनिटात आरशात ठिपक्याचा राक्षस होतो. उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही, म्हणजे नाहीच.

वाहतूक तुंबली की जर्मनी आणि ऑस्ट्रियात सगळ्यात डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकायचं, मधे रुग्णवाहिकेला वाट ठेवायची. रुग्णवाहिका दिसल्यावर नव्हे. गाड्या थांबायला लागल्या की लगेच.

टोलचं गणित देशागणिक वेगळं. जर्मनीत मोटारींना टोल नाही. ऑस्ट्रियात विन्येट लागतं, म्हणजे ठरावीक दिवसांचा हायवेचा पास: एक दिवस, दहा दिवस, दोन महिने किंवा वर्ष. तो डिजिटलही मिळतो आणि गाडीच्या नंबरावर असतो. भाड्याच्या गाडीचा नंबर आधी कळत नाही, म्हणून गाडी घेतल्यावर सरकारी महामार्ग कंपनीच्या साइटवरून किंवा सीमेआधीच्या पेट्रोल पंपावर घ्या. नावं सारखी वाटणाऱ्या मधल्या साइट वर कमिशन लावतात. या मार्गावर ऑस्ट्रियात तुम्ही दोनदा शिरता, तेव्हा दहा दिवसांचा पास परतीपर्यंत पुरतो का, हे कॅलेंडरवर मोजा. ब्रेनर खिंडीचा ए13 हायवे विन्येटमध्ये येत नाही, त्याचा टोल वेगळा. तिथल्या लुएग पुलाचं काम चालू असल्यामुळे सुट्टीच्या शनिवारी रांग लागते. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जा. स्लोव्हेनियातही विन्येट लागतं, तिथे ते फक्त डिजिटल, सर्वांत लहान सात दिवसांचं. त्रिएस्ते सोडल्यावर लगेच हायवे लागतो, त्यामुळे ते त्रिएस्तेतच घेऊन ठेवा. नसल्यास दंड शेकड्यांत आहे.

इटलीत आपल्या जुन्या पद्धतीसारखं: आत शिरताना चिठ्ठी घ्या, बाहेर पडताना पैसे द्या. पिवळ्या खुणेची टेलिपास लेन टाळा, ती आपल्या फास्टॅगसारखी आहे. यंत्राने कार्ड घेतलं नाही तर मागे वळू नका, मदतीचं बटण दाबा. ते न भरलेल्या टोलची पावती देतात आणि ती पंधरा दिवसांत ऑनलाइन भरता येते. रस्त्यांच्या पाट्यांचे रंगही बदलतात: जर्मनी, ऑस्ट्रियात हायवे निळ्या पाट्यांचा, इटली आणि स्लोव्हेनियात हिरव्या. इटलीत शिरल्यावर निळी पाटी पाहून वळलात की साध्या रस्त्याला लागता.

इटलीतली खरी धास्ती मात्र झेडटीएल या तीन अक्षरांची. जुन्या शहरांच्या मध्यभागात परवान्याशिवाय गाडी न्यायची नाही. लाल कडेचा पांढरा गोल दिसतो, वर कॅमेरा असतो, कुणी अडवत नाही. दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत येतो, वर त्यांचं स्वतःचं शुल्क. हॉटेल आत असेल तर आधी नंबर पाठवून नोंद करायला सांगा, नाहीतर बाहेर राहा. पार्किंगच्या रेघांतही अर्थ आहे: निळ्या म्हणजे पैसे भरा, पांढऱ्या म्हणजे बहुधा फुकट, पिवळ्या म्हणजे तुमच्यासाठी नाहीत. व्हेनिसच्या जुन्या शहरात तर गाडी फिरतच नाही. अलीकडच्या मेस्त्रेत स्टेशनजवळ लावा आणि दहा-बारा मिनिटांच्या ट्रेनने सांता लुचिया या व्हेनिसच्या स्टेशनला उतरा.

आणि आता घाट. डोलोमाइट्समध्ये ऑर्तिसेईहून सेल्ला (2218 मीटर), मग पोर्दोई (2239 मीटर), अराब्बा, फाल्झारेगो आणि कोर्तिना असा रस्ता धरा. नकाशावर तो बोटभर दिसतो. त्याला पूर्ण दिवस द्या. पोर्दोईहून अराब्बाकडे उतरताना 33 हेअरपिन आहेत, आणि प्रत्येकावर आकड्याची पाटी, त्यामुळे मागे बसलेल्यांना मोजायला काम मिळतं. आपल्या घाटातली वळणावर हॉर्न मारायची सवय इथे सोडा. समोरून मोटरसायकली वळण कापत येतात, सायकलवाले जथ्याने चढतात. त्यांच्या मागे शांतपणे राहा आणि मोकळी सरळ पट्टी मिळाली तरच पुढे व्हा. उतरताना खालचा गिअर. ऑटोमॅटिकमध्येही हाताने खालचा गिअर लावता येतो, तो कसा लावायचा हे म्युनिकच्या पार्किंगमध्येच शोधून ठेवा. ब्रेक दाबून उतरणाऱ्यांच्या चाकांचा वास सगळ्या घाटभर येतो.

त्रे चीमे या तीन सुळक्यांच्या पायथ्याशी आउरोन्झो विश्रामगृहापर्यंतच्या टोल रस्त्यावर आणि भर उन्हाळ्यात ब्राइएस तळ्याकडे गाडी न्यायला आता ऑनलाइन जागा धरावी लागते. आल्पे दी सिऊसी या पठाराचा रस्ता दिवसा खाजगी गाड्यांना बंद असतो. खालच्या गावातून रोपवे घ्या.

स्लोव्हेनियातला व्हर्शिच घाट मला सगळ्यांत आवडतो. उंची 1611 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून थोडीच कमी, आणि वळणं 50. क्रान्यस्का गोराकडच्या बाजूची वळणं दगडी फरशीची आहेत, पावसात ती चकाकतात आणि घसरतात. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून हा रस्ता बांधून घेतला. 1916 च्या मार्चमध्ये हिमकडा कोसळून त्यांतले कितीतरी गाडले गेले. त्यांच्या आठवणीचं लाकडी प्रार्थनामंदिर आठव्या वळणाजवळ आहे. तिथे थांबाच. पलीकडे उतरलं की सोचा नदी लागते, तिचा रंग फोटोत खोटा वाटतो.

ऑस्ट्रियातला ग्रोसग्लोकनरचा रस्ता 1935 साली सुरू झाला: 48 किलोमीटर, 36 वळणं, हायलिगेनब्लुटहून वर चढून 2504 मीटरच्या होखटोरवरून पलीकडे. दिवसाचा टोल चाळीस युरोंच्या पुढे आहे, महाग वाटतो. पण सकाळी लवकर शिरलात तर दिवसभर वर राहता येतं. एडेलवाइसश्पिट्झला (2571 मीटर) जा आणि पास्तेर्त्से हिमनदीच्या फाट्यालाही. साधारण मेच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच हा रस्ता उघडा असतो, आणि बर्फ पडलं तर जूनमध्येही बंद होतो. म्हणून माझी निवड सप्टेंबरचा पूर्वार्ध.

पोटापाण्याचं थोडं. बाहेरून युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, श्रीखंडवडी घरीच. ताजा कढीपत्ताही नाही. मेतकूट, भाजणी, पोहे, चटण्या, भडंग बिनघोर न्या. स्वयंपाकघर असलेली अपार्टमेंट घ्या. रविवारी जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनियात बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी दुपारीच दूध-भाजी भरून ठेवा. हायवेवरच्या टॉयलेटला सुटा युरो लागतो. पेट्रोलही हायवेवर महाग, एखादं गाव आत गेलात तर वाचतं. इटलीत पंपावर 'फाई दा ते' म्हणजे स्वतः भरा. शेजारच्या 'सेर्व्हितो' पंपावर माणूस भरतो आणि दर जास्त असतो. कर्मचारी नसलेल्या पंपावर यंत्र आधी कार्डावर शंभर-सव्वाशे युरो अडकवतं, ते मागाहून सुटतात. कार्डाची मर्यादा त्या हिशेबाने ठेवा.

अपघात झाला तर 112. आधी चकाकणारं जाकीट घाला, मग रस्त्यावर धोक्याचा त्रिकोण ठेवा, आणि ठोकर किरकोळ असली तरी विम्यासाठी पोलिसांचा किंवा दोन्ही चालकांच्या सहीचा कागद घ्या.

गाडी परत देताना टाकी विमानतळाजवळ भरा, पावती ठेवा, पुन्हा चारही बाजूंचे फोटो काढा आणि शक्यतो माणूस हजर असताना किल्ली द्या. ज्या क्रेडिट कार्डावर डिपॉझिट होतं ते घरी आल्या आल्या बंद करू नका. टोलच्या आणि पार्किंगच्या पावत्या वर्षभर एका पाकिटात राहू द्या, कारण इटलीची पत्रं सावकाश येतात.