कॉपर पेप्टाइड आणि व्हिटॅमिन सी: दोन बाटल्या दोन जागी ठेवा

कॉपर पेप्टाइड (तांबं जोडलेला प्रथिनाचा छोटा तुकडा) आणि व्हिटॅमिन सी, चेहऱ्याला लावायची ही दोन्ही सीरम महागडी, आणि एकावर एक लावली की एकमेकांचाच बेरंग करतात. तांब्यामुळे व्हिटॅमिन सी (शुद्ध एस्कॉर्बिक अॅसिड) लवकर ऑक्सिडाइझ होतं, म्हणजे निकामी होतं, आणि आम्लामुळे तांब्याची पेप्टाइडवरची पकड सुटू शकते. मला हे कळेपर्यंत अर्धी बाटली संपली होती.

आता करते ते असं:

१. घटकांच्या यादीत ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-१’ आहे का ते पाहायचं. नुसतं ‘पेप्टाइड’ लिहिलं असेल तर तांबं असेलच असं नाही.

२. व्हिटॅमिन सी सकाळी, त्यावर सनस्क्रीन. कॉपर पेप्टाइड रात्री, चेहरा धुऊन. ग्लायकोलिकसारखं, त्वचेचा वरचा मृत थर काढणारं अॅसिड लावायच्या रात्री याला सुट्टी.

३. सकाळची बाटली आरशापाशी, रात्रीची उशाशी. एवढ्यानं माझा गोंधळ थांबला, लक्षात ठेवायची कटकटच नाही.

४. कॉपर पेप्टाइडची बाटली उघडली त्या दिवशी एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकून फोटो काढायचा. हे सीरम मुळात निळं असतं, ते तांब्यामुळे. महिन्याभराने पुन्हा थेंब टाकून फोटोशी ताडून पाहायचा. हिरवट, तपकिरी झाला किंवा वास बदलला, तर बाटली सरळ टाकून द्यायची. जीव तुटतो, पण द्यायची.

कॉपर पेप्टाइडमुळे सुरकुत्यांवर फरक पडलाच तर तो सावकाश, काही आठवड्यांनी दिसतो. जास्त थेंबांनी घाई होत नाही.

जपायचं एकच: ‘त्वचा दुरुस्त करतं’ असं वाचून उघड्या जखमेवर किंवा टाक्यांवर हे कॉस्मेटिक सीरम लावू नका. तिथे डॉक्टर सांगतील तेच.