पगार, पाळी आणि बदली: घरासाठी साउंड सिस्टीम निवडताना

घरासाठी साउंड सिस्टीम घ्यायची म्हटले की बहुतेक जण आधी रक्कम ठरवतात आणि मग तेवढ्यात बसणारे स्पीकर शोधू लागतात. त्याआधी आठवडाभर एका वहीत नोंद ठेवावी, असे मी सुचवेन: संगीत किती वेळ, कोणत्या वेळी आणि कोणत्या खोलीत ऐकले गेले. या नोंदीत पगारापेक्षा नोकरीचे स्वरूप अधिक उमटलेले दिसते. रात्रपाळीहून परतलेल्या माणसाला घरातले झोपलेले असतानाच ऐकायला सवड मिळत असेल, तर त्याने बहुतांश पैसे हेडफोनवर घालावेत. तोही बंद कपांचा असावा, कारण उघड्या कपांच्या हेडफोनमधून आवाज बाहेर झिरपतो.

ज्यांची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, त्यांनी जमिनीवर उभ्या राहणाऱ्या मोठ्या स्पीकरांचा मोह टाळावा. मी स्वतः बढतीच्या आनंदात तसे स्पीकर घेतले, आणि पुढच्याच बदलीनंतर ते लहान खोलीत कोपऱ्याला टेकवून ठेवावे लागले. भिंतीजवळ आणि त्यातही कोपऱ्यात खर्ज फुगतो. त्यामुळे तबल्याचा बायाँ नुसता घुमत राहिला आणि आवाजातली बारीक कलाकुसर त्याखाली दबून गेली. अशा नोकरीत लहान स्पीकर आणि स्टँड घ्यावेत, आणि मूळ खोकी थर्माकोलसकट माळ्यावर जपून ठेवावीत.

वॅटच्या आकड्याला मात्र अजिबात भुलू नये. दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज नव्हे: 50 वॅटच्या जागी 100 वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, तरी पातळी जास्तीत जास्त 3 डेसिबलने वाढते आणि कानाला तो फरक थोडाच जाणवतो. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एका वॅटला एक मीटर अंतरावर मिळणारे डेसिबल, पाहावी. 90 डेसिबलचा स्पीकर 87 च्या स्पीकरइतका आवाज निम्म्या शक्तीत देतो. ज्यांचा दिवस यंत्रांच्या गोंगाटात जातो, त्यांना तर जास्त शक्तीचे आकर्षण नसलेलेच बरे. कामाच्या ठिकाणी 85 डेसिबलला आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो. दिवसभर शिणलेल्या कानांना घरी आल्यावर तोच मारा पुन्हा कशाला?

उत्पन्न अनियमित असेल, तर खरेदी टप्प्याटप्प्याने करावी. आधी स्पीकर घ्यावेत, त्यांच्यासोबत तूर्तास साधा अ‍ॅम्प्लिफायर चालेल. तो पुढे बदलता येतो. तारेचे दोन स्पीकर नीट जपले तर दशकानुदशके वाजतात, उलट वायरलेस स्पीकरचे आयुष्य त्यातल्या सॉफ्टवेअरवर आणि बॅटरी असल्यास तिच्यावरही अवलंबून असते.

हातात रक्कम कमी असली तरी जुना माल वाईट नसतो, फक्त तो पाहून घ्यावा. पुढची जाळी काढून स्पीकरच्या कोनाच्या, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या शंकूसारख्या पडद्याच्या, कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबावी. ती फोमची असेल आणि तिचा भुगा होऊ लागला असेल, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावी; रबराची कड सहसा जास्त टिकते. आवाजाचे बटण फिरवताना खरखर आली, तर बहुधा आत धूळ साचलेली असते आणि स्वच्छ केल्यावर ती जाते, मात्र भाव करताना ही खरखर विक्रेत्याला जरूर ऐकवावी.