नवीन काही घेण्याआधी टेप काढा: घरचं कॉम्प्युटर टेबल सुधारायचं कसं

घरच्या टेबलावर काहीतरी नवीन घ्यायचं मनात आलं की आपण सगळे आधी मॉनिटर बघत बसतो. मी म्हणेन आधी मोजायची टेप काढा आणि रोज बसता तसे खुर्चीत बसा. खांदे सैल सोडा, कोपर अंगाजवळ काटकोनात ठेवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत किती भरतं ते घरातल्या कोणाला तरी मोजायला सांगा, मग टेबलाची उंची मोजा. तयार मिळणारी बरीचशी टेबलं ७३ ते ७५ सेंटीमीटर उंच असतात, लिहायला ठीक आहे पण टायपिंगला ती खूप जणांना उंच पडतात, मग दिवसभर खांदे नकळत वर उचललेले राहतात आणि संध्याकाळी मान आखडते. टेबल कोपरापेक्षा उंच निघालं तर खुर्ची वर घ्या, पाय लोंबकळायला लागले तर पायाखाली फूटरेस्ट नाहीतर जुन्या जाड पुस्तकांचा गठ्ठा ठेवा, झालं. हे न करता कितीही भारी कीबोर्ड आणला तरी दुखणं तसंच राहतं.

दुसरं माप टेबलाच्या खोलीचं, म्हणजे भिंतीपासून तुमच्या बाजूच्या कडेपर्यंत. स्क्रीन डोळ्यांपासून साधारण हातभर लांब हवा, ५० ते ७० सेंटीमीटर. आता मॉनिटरचा स्टँड मागे वीतभर जागा खातो, त्यामुळे ५० सेंटीमीटर खोल टेबलावर २७ इंची मॉनिटर ठेवला की तो अगदी तोंडावर येतो आणि कीबोर्डला जागाच उरत नाही. अशा टेबलावर मॉनिटर आर्म खरंच कामाला येतो कारण स्क्रीन भिंतीच्या बराच जवळ नेता येतो आणि खालची सगळी जागा मोकळी होते. पण आर्म घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा: मॉनिटरच्या मागे चार स्क्रूची भोकं आहेत का (बहुतेक वेळा ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटर अंतरावर असतात, यालाच वेसा म्हणतात), मॉनिटरचं स्टँडशिवायचं वजन आर्मच्या मर्यादेत बसतं का, आणि टेबलाच्या मागच्या कडेला क्लॅम्प आवळायला जागा आहे का. काचेच्या टेबलाला क्लॅम्प अजिबात लावू नका.

उंचीचं सोपं आहे, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर अजून खाली घ्या, नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करून बसावं लागतं. लॅपटॉपवाल्यांची अडचण वेगळी, तिथे स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, एक नीट केलं की दुसरं बिघडतं. म्हणून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी मॉनिटरच्याही आधी स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावा असं माझं ठाम मत आहे, तिन्ही मिळून मॉनिटरपेक्षा स्वस्तात होतं आणि फरक पहिल्याच आठवड्यात कळतो.

मॉनिटर घ्यायचाच असेल तर इंच आणि रिझोल्युशन (स्क्रीनवर चित्राचे बारीक ठिपके, म्हणजे पिक्सेल, किती आहेत; १०८०पी, १४४०पी, ४के ही त्याचीच चढती मापं) जोडीने बघा. २४ इंचावर १०८०पी म्हणजे एका इंचात साधारण ९२ पिक्सेल, तेच २७ इंचावर ८२ वर येतात आणि अक्षरांच्या कडा खरबरीत दिसायला लागतात, देवनागरीत तर जास्तच, जोडाक्षरं आणि रफार चिकटल्यासारखे वाटतात. २७ इंचाला १४४०पी बरं, तिथे १०९ पिक्सेल मिळतात. ४के घेतला तर १६३ मिळतात, अक्षर छापल्यासारखं दिसतं, पण सेटिंगमध्ये स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रांचा आकार, वाढवावं लागतं नाहीतर सगळं मुंगीएवढं दिसेल.

आणि केबल! बॉक्समधली सोडून घरात पडलेली जुनी एचडीएमआय केबल लावली किंवा कॉम्प्युटरचा पोर्ट जुना असला की गडबड होते. एचडीएमआय १.४ वर ४के फक्त ३० हर्ट्झला चालतं, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो आणि माणसाला वाटतं मॉनिटरच खराब आलाय. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट (मॉनिटर जोडायचा दुसरा पोर्ट) १.२ तरी हवं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर जोडलात तरी विंडोज कधीकधी तो ६० वरच चालवत राहतं, त्यामुळे डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड डिस्प्लेत जाऊन आकडा एकदा डोळ्याने बघा. यूएसबी-सी असेल तर अजून सावध, भोक सारखंच दिसतं पण प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडतंच असं नाही, आणि फोनसोबत आलेल्या केबलमधून तर बरेचदा फक्त चार्जिंग आणि मंद गतीचा डेटा एवढंच जातं. लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये त्या पोर्टसमोर डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (यूएसबी-सीमधून चित्र पाठवायची सोय) लिहिलंय का, किंवा तो थंडरबोल्ट (तसाच दिसणारा पण जास्त वेगाचा पोर्ट) आहे का ते शोधा. दोन मॉनिटर लावायचे असतील तर लॅपटॉप बाहेरचे किती स्क्रीन झेपवतो हे आधी बघा, साध्या एम१ आणि एम२ चिपचे मॅकबुक थेट एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असतो आणि लोक त्या स्विचच्या रंगात अडकतात. थोडक्यात सांगायचं तर लाल सरळ खाली जातो, तपकिरीला मध्ये हलकासा टप्पा लागतो, निळा टकटक वाजतो आणि घरात कोणी झोपलेलं असेल तर निळा घेऊच नका. मला यापेक्षा रुंदी महत्त्वाची वाटते. पूर्ण कीबोर्ड साधारण ४४ सेंटीमीटर रुंद, उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला ३६ च्या आसपास, आणि हे ८ सेंटीमीटर म्हणजे माउस तेवढा जवळ येतो, हात बाहेर फाकवून ठेवावा लागत नाही. दिवसभर आकडेच भरत असाल तर अर्थात पूर्णच घ्या. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय मात्र मिटूनच ठेवा, ते उघडले की मनगट मागे वाकतं. मराठी टायपिंग करणाऱ्यांना एक सांगतो, इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाणित कीबोर्ड मांडणी) शिकायचं असेल तर नवा कीबोर्ड ही चांगली संधी आहे, एफ आणि जे वर जे बारीक उंचवटे असतात त्यातल्या डाव्या बोटाखाली पहिली वेलांटी येते आणि उजव्याखाली र, तिथून बोटं आपोआप वाट शोधतात, स्टिकर लावायची गरज पडत नाही.

माउस तळहातात भरतो का ते हातात धरून बघा, डीपीआयचा (माउस किती संवेदनशील आहे त्याचा) मोठा आकडा बघून घेऊ नका. मनगट दुखत असेल तर व्हर्टिकल माउस वापरून बघायला हरकत नाही, त्यात हात हस्तांदोलनाला पुढे केल्यासारखा राहतो, पण हात बसायला काही दिवस जातात, पहिल्या दिवशी वैतागून परत करू नका.

वायरलेस घेणाऱ्यांसाठी माझ्यावर आलेलं सांगतो. माझा माउस मध्येच अडखळायचा, बाण दोन सेकंद थांबायचा आणि मग उडी मारायचा. सेल बदलले, पॅड बदललं, ड्रायव्हर काढून परत टाकला, दोन आठवडे त्यात गेले. मग एकदा लक्षात आलं की हे फक्त बाहेरच्या हार्डडिस्कवर बॅकअप चालू असतानाच होतं. डोंगल (माउसचा यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर) आणि हार्डडिस्क मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या, पोर्टमध्ये शेजारी शेजारी होते. यूएसबी ३.० चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतं आणि वायरलेस माउस त्याच पट्ट्यात बोलतो, इंटेलने २०१२ सालीच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. एक साधी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल टेबलावर पॅडजवळ आणला आणि तेव्हापासून एकदाही अडखळला नाही. हब (एका यूएसबी पोर्टचे अनेक करणारा डबा) घेतलात तरी हेच, डोंगल हबमध्ये हार्डडिस्कच्या बाजूला खोचू नका.

मीटिंगसाठी ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल आणि गाणी छान पण कॉल सुरू झाला की आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा होत असेल तर हेडफोन बिघडलेला नाही, बहुतेक ब्लूटूथ हेडफोन माइक चालू झाला की कमी दर्जाच्या मोडमध्ये जातात. माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा यूएसबीचा निवडा, हेडफोन फक्त ऐकायला ठेवा. कॅमेऱ्याआधी उजेड सुधारा, खिडकी पाठीमागे असेल तर टेबल फिरवा, चेहऱ्यावर समोरून उजेड आला की जुना ७२०पी कॅमेरासुद्धा चांगला दिसतो.

एक कळकळीची विनंती, सगळं एकदम घेऊ नका. एक वस्तू आणा, पंधरा दिवस वापरा, मग दुसरी. तीन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या आणि चौथ्या दिवशी अंगठा दुखायला लागला तर कशामुळे ते सांगताच येत नाही.

वायरी शेवटी आवरा, सगळं जागेवर बसल्यावरच. प्लास्टिकचे टाय कापावे लागतात म्हणून वेल्क्रोच्या पट्ट्या वापरा, एक्स्टेंशन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला पक्का करा म्हणजे जमिनीवर फक्त एकच वायर उतरेल. मॉनिटर आर्मवर असेल किंवा टेबल वरखाली होणारं असेल तर ते पूर्ण वर, पूर्ण खाली, पूर्ण डावीकडे नेऊन बघा आणि मगच वायर बांधा, ताण आला की आधी पोर्ट सैल होतो. प्रत्येक अडॅप्टरवर कागदी टेप लावून कशाचा आहे ते पेनाने लिहा, दोन्ही टोकांना.