गेटवरच्या मेटल डिटेक्टरसाठी बॅटरी कशी निवडावी

मॉलच्या, देवळाच्या किंवा मोठ्या गृहसंकुलाच्या दारावर सुरक्षारक्षकाच्या हातात जो मेटल डिटेक्टर असतो, त्यात बहुतेक वेळा ९ व्होल्टची एकच चौकोनी बॅटरी असते. गेटवरची मंडळी त्या डिटेक्टरला नुसते ‘मशीन’ म्हणतात. एका संकुलाच्या सुरक्षेचे साहित्य सांभाळण्याचे काम मी काही वर्षे केले. त्या काळात माझ्याकडे मशीनबद्दल ज्या तक्रारी आल्या, त्यांतल्या बहुतेक बॅटरीच्याच निघाल्या. तरीही मशीन घेताना दहा प्रश्न विचारणारे लोक बॅटरी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून मिळेल ती उचलतात.

यात खरी अडचण अशी की, बॅटरी उतरली म्हणून मशीन लगेच बंद पडेलच असे नाही. मशीनमधले वेटोळे एक बदलते चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्या क्षेत्रात धातू आला की धातूत सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात, आणि त्यांच्यामुळे क्षेत्रात पडलेला फरक ओळखून मशीन आवाज करते. चांगल्या मशीनमध्ये आतला व्होल्टेज स्थिर राखणारे सर्किट असते, त्यामुळे बॅटरी एका ठरावीक पातळीच्या खाली जाईपर्यंत कामात फरक पडत नाही. ती पातळी ओलांडली की काही मशिने विनाकारण ओरडत राहतात. काहींचा हिरवा दिवा तसाच लागलेला असतो, पण खिशातला चाकू कपड्यावरून दोन बोटांच्या अंतरावर आल्याशिवाय त्यांना कळत नाही. ही दुसरी तऱ्हा अधिक धोक्याची, कारण रक्षक प्रामाणिकपणे मशीन फिरवत असतो आणि तपासणी मात्र होत नसते. म्हणून बॅटरी निवडताना ‘ती किती दिवस चालते’ याच्या जोडीला ‘उतरताना ती कशी वागते’ हेही पाहावे लागते.

बाजारात ९ व्होल्टच्या म्हणून मिळणाऱ्या बॅटऱ्या बाहेरून सारख्या दिसल्या, तरी आतून त्या चार-पाच वेगवेगळ्या जातींच्या असतात. सर्वांत स्वस्त ती जस्त-कार्बनची, जिच्यावर बहुधा ६एफ२२ असे छापलेले असते. अल्कलाइन बॅटरीवर ६एलआर६१ किंवा ६एलएफ२२ असते. या दोन्हींच्या आत दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. हलक्या भाराला, म्हणजे थोडाच प्रवाह घेणाऱ्या यंत्रावर, चांगली अल्कलाइन बॅटरी साधारण ५०० मिलिअँपिअर-तास देते, म्हणजे १ मिलिअँपिअर प्रवाह ५०० तास किंवा १० मिलिअँपिअर ५० तास. कार्बनची त्याच्या निम्म्याच्या आसपास देते, आणि भार वाढला तर त्याहूनही कमी. चार्ज करता येणाऱ्या निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरीत १.२ व्होल्टचे सात सेल असतात, म्हणजे तिचा नाममात्र व्होल्टेज ८.४ भरतो आणि क्षमता १७० ते ३०० मिलिअँपिअर-तास असते. एकदाच वापरायची लिथियम बॅटरी ३ व्होल्टच्या तीन सेलांची असते. तिची क्षमता १२०० मिलिअँपिअर-तासांपर्यंत जाते आणि किंमतही तशीच असते.

हे आकडे उपयोगी पडायचे तर आपले मशीन किती प्रवाह घेते हे माहीत हवे. माहितीपुस्तिकेत ते असतेच असे नाही, पण मोजणे अवघड नाही. ज्या मशीनमध्ये बॅटरी वायरच्या क्लिपला लावायची असते, तिथे बॅटरीचे एकच टोक क्लिपच्या बटणात अडकवावे आणि बॅटरी जरा बाजूला फिरवावी, म्हणजे दुसरे टोक मोकळे राहते. मल्टिमीटर मिलिअँपिअरच्या मापावर ठेवून, त्याची लाल वायर त्या मापाच्या खोबणीत बदलून, एक पिन बॅटरीच्या मोकळ्या टोकाला आणि दुसरी क्लिपच्या मोकळ्या बटणाला टेकवावी. मशीन नुसते चालू असतानाचा आकडा आधी टिपावा, मग जवळ किल्ली धरून ते वाजत असतानाचा टिपावा. दोन्हींमध्ये बराच फरक दिसेल, कारण खरी खादाड असते ती शिट्टी, आणि कंपनाची मोटर असेल तर ती त्याहून जास्त. मोजून झाल्यावर लाल वायर व्होल्टेजच्या खोबणीत परत लावायला विसरू नये. विसरलात, तर पुढच्या वेळी व्होल्टेज मोजायला जाल आणि मीटरमधूनच बॅटरी शॉर्ट करून त्याचा फ्यूज उडवाल. मी उडवलेला आहे.

समजा, वाजणे आणि नुसते चालू राहणे धरून सरासरी २५ मिलिअँपिअर आली. तर अल्कलाइन बॅटरी सुमारे २० तास, कार्बनची सुमारे १० तास आणि २०० मिलिअँपिअर-तासांची चार्जिंगची बॅटरी सुमारे ८ तास चालेल. आता किमतीचा हिशेब मांडू. कार्बनची ३० रुपयांना, अल्कलाइन १८० रुपयांना आणि चार्जिंगची ३५० रुपयांना मिळते असे धरले, तर कार्बनचा तास ३ रुपयांना आणि अल्कलाइनचा ९ रुपयांना पडतो. अल्कलाइन नेहमीच परवडते असे जे ठामपणे सांगितले जाते, ते आपल्याकडच्या किमतींना लागू पडत नाही. चार्जिंगची बॅटरी मात्र ३०० वेळा भरता आली तरी तासाला १५ पैशांच्या आसपास येते. त्यात चार्जरची किंमत मिळवली तरी, रोज दोन शिफ्ट चालणाऱ्या गेटवर तिला तोड नाही. तुमच्या गावातल्या किमती वेगळ्या असतील, म्हणून आकडे बदलून हा हिशेब स्वतः करावा. पद्धत तीच राहते.

पैशाने कार्बनची बॅटरी हरत नसली, तरी तिच्या विरोधात दोन गोष्टी जातात. पहिली म्हणजे तिचा व्होल्टेज पहिल्या तासापासून घसरू लागतो आणि मशीन वाजताना तो आणखी दबतो, त्यामुळे निम्मी शक्ती आत असतानाच मशीनचा बॅटरी संपत आल्याचा लाल दिवा लागतो. दुसरी गोष्ट तिच्या बांधणीतली आहे. तिच्या सेलांतले जस्त हाच वीज देणारा पदार्थ, आणि वापराबरोबर तोच खाल्ला जातो. उतरलेली बॅटरी मशीनमध्ये तशीच राहिली की तिला पाणी सुटते आणि क्लिप गंजते. ३० रुपयांची बॅटरी अशी काही हजारांच्या मशीनच्या मुळावर येते. त्यामुळे कार्बनची बॅटरी मी अडीअडचणीला वापरतो आणि शिफ्ट संपली की काढून ठेवतो.

निवड शेवटी वापरावर ठरते. रोज आठ-दहा तास मशीन चालत असेल, तर चार्जिंगच्या बॅटऱ्या घ्याव्यात, आणि एका मशीनमागे दोन घ्याव्यात, म्हणजे एक गेटवर असताना दुसरी चार्जरवर राहते. गणेशोत्सवाच्या मंडपापुरते किंवा वर्षातून तीन-चार कार्यक्रमांपुरते मशीन बाहेर निघत असेल, तर अल्कलाइनच योग्य, कारण ती कपाटात बरीच वर्षे टिकते. साधी निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरी मात्र पडून राहिली तर महिन्याभरात २० ते ३० टक्के आपोआप उतरते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. हल्ली स्व-उतार कमी असलेल्या, वेष्टनावर ‘रेडी टू यूज’ असे लिहिलेल्या बॅटऱ्या मिळतात. चार्जिंगच्याच घ्यायच्या असतील तर त्या घ्याव्यात. लिथियमची एकदाच वापरायची बॅटरी वजनाला हलकी आणि थंडीत भक्कम असते, पण महाराष्ट्रातल्या गेटवर तिच्या किमतीचे समर्थन करता येईल असे कारण मला सापडलेले नाही.

चार्जिंगच्या बॅटरीबद्दल एक गैरसमज वारंवार दिसतो. मशीनचा लाल दिवा बहुतेक वेळा अल्कलाइनच्या उताराप्रमाणे लावलेला असतो. सात सेलांची बॅटरी आपला बराचसा काळ ८.४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहते आणि अगदी शेवटी झपाट्याने खाली येते. त्यामुळे काही मशिनांत भरलेली बॅटरी लावूनही दिवा लवकर लाल होतो आणि रक्षक ती ‘खराब आहे’ म्हणून परत आणतात. अशा मशीनला आठ सेलांची ९.६ व्होल्टची बॅटरी बरी पडते, मात्र ती नुकतीच भरलेली असताना ११ व्होल्टच्याही थोडी वर असू शकते, म्हणून मशीनला तेवढा व्होल्टेज चालतो का हे पुस्तिकेत पाहूनच ती लावावी. याउलट काही स्वस्त बॅटऱ्यांत सहाच सेल म्हणजे ७.२ व्होल्ट असतात. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ९ असले तरी बारीक अक्षरांतला आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यूएसबी केबलने चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्या आता सर्रास मिळतात. त्यांत दोन प्रकार आहेत. एकात दोन सेल सरळ जोडलेले असतात, त्यामुळे व्होल्टेज भरल्यावर ८.४ आणि सरासरी ७.४ असतो. दुसऱ्यात आतले छोटे सर्किट व्होल्टेज चढवून शेवटपर्यंत नेमके ९ देते. ऐकायला दुसरा प्रकार उत्तम वाटतो, पण मेटल डिटेक्टरमध्ये तो जपून वापरावा. एक तर ते सर्किट सतत उघडझाप करत असल्याने त्याचा विद्युत गोंगाट मशीनच्या वेटोळ्यापर्यंत पोचून खोटे आवाज येऊ शकतात. शिवाय ९ व्होल्ट शेवटच्या क्षणापर्यंत टिकल्याने लाल दिव्याला इशारा द्यायला वावच उरत नाही आणि मशीन एकदम गप्प होते. अशी एक बॅटरी आणून आठवडाभर वापरून पाहावी, मगच डझनाची ऑर्डर द्यावी.

ज्या मशिनांच्या मुठीत चार्जरची पिन लावायची खोबण असते, त्यांच्याबाबत रक्षकांना बजावून सांगण्याची गोष्ट एकच. आत कार्बनची किंवा अल्कलाइन बॅटरी असताना चार्जर कधीही लावू नये. ती गरम होऊन गळते, क्वचित फुटतेही. आम्ही अशा मशिनांच्या खोबणीवर कागदी पट्टी चिकटवत असू, आणि आत चार्जिंगची बॅटरी आहे याची खात्री करणाऱ्यानेच ती काढायची असा नियम होता. साध्या चार्जरवर २०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी २० मिलिअँपिअरने भरायला १४ ते १६ तास लागतात, म्हणून सकाळी काढलेली बॅटरी त्याच संध्याकाळी पूर्ण भरलेली मिळेल असे धरून शिफ्टचे नियोजन करू नये.

नवी बॅटरी आणली की आणि पुढे रोज शिफ्ट बदलताना एक चाचणी करावी. लाकडी स्टुलावर पाच रुपयांचे नाणे ठेवून मशीन वरून सावकाश खाली आणावे आणि ते किती अंतरावर वाजते हे पट्टीने मोजून मशीनच्या मुठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवावे. अंतर लक्षात येण्याइतके घटले, की लाल दिव्याची वाट न पाहता बॅटरी बदलावी. नुसत्या मीटरने मोजलेल्या व्होल्टेजवर विसंबू नये, कारण उतरलेली बॅटरीही भार नसताना ८ व्होल्ट दाखवते आणि भार पडताच कोसळते. मीटर वापरायचाच तर मशीन वाजत असताना बॅटरीच्या टोकांवर मोजावे.

हातातल्या मशीनशेजारी उभ्या असलेल्या चौकटीच्या डिटेक्टरचा प्रश्न वेगळा आहे. तो घरच्या विजेवर चालतो आणि वीज गेली की आतल्या १२ व्होल्टच्या, बहुधा ७ अँपिअर-तासांच्या बंद शिसे-आम्ल बॅटरीवर जातो. तिथे निवडीपेक्षा बदलण्याची वेळ पाळणे महत्त्वाचे. महिन्यातून एकदा मुद्दाम वीज बंद करून ती किती वेळ तग धरते ते पाहावे.

छंद म्हणून लांब दांडीचे डिटेक्टर वापरणाऱ्यांचा अनुभव इथे थोडाच लागू पडतो. त्यांच्या यंत्रांत बरेचदा चार किंवा आठ पेन्सिल सेल असतात आणि तिथे २००० मिलिअँपिअर-तासांचे, स्व-उतार कमी असलेले चार्जिंगचे सेल उत्तम चालतात. चार दीड-व्होल्टी सेलांचे ६ व्होल्ट होतात आणि चार चार्जिंगच्या सेलांचे ४.८, एवढे यंत्राला चालते का ते पाहावे. जुने-नवे आणि वेगवेगळ्या जातींचे सेल एकत्र घालू नयेत, कारण कमजोर सेल आधी उतरतो आणि बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात, त्याने त्याची धन-ऋण टोके उलटी होतात. आपल्याकडे असे यंत्र घेऊन गडकिल्ल्यांवर जाण्याचा मोह कोणाला झालाच, तर संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय खोदणे गुन्हा आहे, आणि गुप्तधनाबद्दलच्या १८७८च्या कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते.

खरेदी करताना तारीख पाहावी, उन्हात ठेवलेल्या बरणीतून बॅटरी घेऊ नये आणि घेतल्यावर तिच्या अंगावर वापर सुरू केल्याची तारीख लिहावी. क्लिपवर पांढरी भुकटी दिसली, तर ती बहुधा अल्कलाइन बॅटरीतून गळलेल्या क्षाराची असते. कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती पुसावी आणि क्लिप पूर्ण कोरडी करूनच नवी बॅटरी लावावी. चौकोनी बॅटरीची दोन्ही टोके एकाच बाजूला असल्याने किल्ल्यांबरोबर खिशात टाकली तर ती शॉर्ट होऊन पेट घेऊ शकते. म्हणून सुटी बॅटरी नेताना आणि उतरलेली बॅटरी ई-कचऱ्याच्या डब्यात टाकतानाही टोकांवर चिकटपट्टी लावावी.